दाढ दुखली तर काय लावू?

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण सारेच वापरतो. सामर्थ्य आणि संधी यांची गाठ क्वचित पडते, हा तिचा अर्थ. परंतु या म्हणीच्या पोटात आणखी एक समजूत दडलेली आहे, तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. वय झाले की दात जायचेच, त्यात कोणाचा काही दोष नाही आणि कोणाचा काही इलाजही नाही, असे ही म्हण गृहीत धरते. आपल्या कितीतरी घरांत चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीने दोन-चार दाढा गमावलेल्या असतात आणि त्याचे घरात कोणालाही आश्चर्य वाटत नाही. केस पांढरे व्हावेत तसे दात पडले, असे आपण म्हणतो आणि पुढे चालू लागतो.

वस्तुतः दाताचे आवरण हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. पुराणवस्तू शोधणाऱ्यांना जमिनीखाली हजारो वर्षांपूर्वीचे सांगाडे सापडतात तेव्हा अनेकदा हाडांची माती झालेली असते, पण दात शाबूत असतात. जो दात मातीत हजार वर्षे टिकतो, तो जिवंत माणसाच्या तोंडात तीस वर्षेही टिकू नये, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. दात आपोआप जात नाहीत. ते घालवले जातात. आणि जे घालवले जाते ते राखताही येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे, आणि यांतील बहुतेक विकार टाळता येण्याजोगे आहेत. ते कसे टाळावेत आणि कोणी टाळावेत, याचा विचार मी गेली काही वर्षे करीत आलो आहे. त्याला निमित्त झाले काल्हेर.

ठाण्याहून बाळकुमची बाजू सोडून कशेळीचा पूल ओलांडला की खाडीच्या पलीकडे कशेळी आणि तिला लागूनच काल्हेर लागते. भिवंडी तालुक्यातील हा मूळचा आगरी-कोळी वस्तीचा, खाडी आणि भातखाचरे यांच्या आधाराने जगणारा मुलूख. मुंबईत येणाऱ्या मालावर जकात होती त्या काळात जकात नाक्याबाहेर माल उतरवून ठेवणे व्यापाऱ्यांना सोयीचे पडे. त्यातून भिवंडी परिसरातील गावोगावी गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी मुंबईची जकात गेली, पण गोदामे राहिली आणि वाढलीही. त्यांच्या मागे उंच इमारती आल्या, रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब आले. या इमारतींत आणि गोदामांमागील चाळींत आपल्या समाजाची काही कुटुंबे विखुरलेली आहेत. कोणी वसईकडील, कोणी मंगळूरचे, कोणी जालन्याकडून पोटासाठी आलेले. त्यांच्या भेटीगाठींसाठी माझे तिकडे जाणे होते.

धर्मगुरूला माणसांची तोंडे फार जवळून दिसतात, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. कम्युनियन जिभेवर घेणारा भाविक समोर येतो, तोंड उघडतो, आणि त्या क्षणात त्याच्या सवयी, त्याची गरिबी आणि कित्येकदा त्याची लपवलेली वेदनाही दिसून जाते. काल्हेरच्या एका घरी मिस्सा होती. चोविशीच्या घरातील एक तरुण समोर आला. त्याने तोंड उघडण्याचा प्रयत्न केला. ओठ विलग झाले, परंतु दातांच्या दोन ओळींमध्ये जेमतेम एक बोट जाईल एवढीच फट पडली. ख्रिस्तशरीर त्याच्या जिभेवर ठेवण्यापूर्वी मला ते मोडून लहान करावे लागले. मिस्सेनंतर तो माझ्याशी बोलत बसला. गोदामात भराई-उतराईचे काम. रात्री ट्रक लागतो, पहाटेपर्यंत गोण्यांच्या थप्प्या लावायच्या. झोप येऊ नये आणि भूक मारावी म्हणून सोळाव्या वर्षी पुडी सुरू झाली. आता कालवणातील थोडेसे तिखटही सोसत नाही, तोंडात आग होते. भाकरी कुस्करून खावी लागते. जांभई देताना जबडा अडकतो. लग्न ठरायचे आहे, म्हणून घरी कोणाला सांगितलेले नाही.

या विकाराला वैद्यकात ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणतात. १९५३ साली डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. गालाच्या आतील मऊ त्वचेखाली तंतूंचे जाळे घट्ट होत जाते, गाल चामड्यासारखा कडक होतो आणि तोंड उघडेनासे होते. त्याचे मुख्य कारण सुपारी आहे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. आपल्याकडे तंबाखू वाईट, पण सुपारी मंगलकार्यातील, म्हणून निरुपद्रवी, अशी समजूत आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मात्र सुपारीला तंबाखूच्या जोडीने, माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले आहे. आखडलेले तोंड पूर्ववत करणारे औषध नाही. सुपारी थांबवली तर आजाराची वाढ रोखता येते. न थांबवली तर काही जणांना त्यातूनच पुढे कर्करोग होतो. परीक्षा सोपी आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये त्याचीच तीन बोटे उभी, एकावर एक, बसली पाहिजेत. वाचकहो, ही परीक्षा आपण आपल्या घरातील तरुणांची आजच घेऊ शकता.

त्याच चाळीत जालन्याकडील एक बाई राहतात. गोदामात साफसफाई करतात. त्यांच्या दारात गेलो तेव्हा तव्यावर तंबाखू भाजत होती आणि तिचा उग्र धूर घरभर पसरला होता. तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करून बारीक पूड करायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावून बसायचे. हीच मशेरी, घाटावर तिला मिश्री म्हणतात. सकाळी एकदा लावायची, मग दुपारी, मग रात्री. दात घासणे हे तिचे नाव आणि तंबाखूचे व्यसन हे तिचे काम. विडी ओढणाऱ्या बाईला गाव नावे ठेवील, पण मशेरी लावणाऱ्या बाईला कोणी काही म्हणत नाही, कारण ती तर दात घासते आहे. घरातील मुलगी आईच्या डबीत बोट बुडवते तेव्हाही कोणी तिला अडवत नाही. मी त्यांना चार शब्द सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “फादर, तंबाखू वाईट, हे मला बी म्हाईत हाय. पर रात्री दाढ ठणकायला लागली तर काय लावू, ते सांगा की.”

दातांच्या सार्वजनिक आरोग्याचा सारा प्रश्न या एका वाक्यात आला आहे, असे मला वाटते. मशेरीने हिरडी काही काळ बधिर होते, ठणका कमी झाल्यासारखा वाटतो. आतला किडका भाग तसाच राहतो, हिरडी दात सोडू लागते, आणि बाईला आता दाढदुखीबरोबर मशेरीचीही गरज लागते. हे सारे खरे आहे. पण जिच्या घरापासून परवडणारा दंतवैद्य लांब आहे, जिचा एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, तिच्या हातातून मशेरीची डबी काढून घेताना आपण तिच्या हातात दुसरे काय देतो? अलेक्झांड्रियात इ. स. २४९ च्या सुमारास दात पाडून जिचा छळ झाला, त्या संत अपोलोनियाचा ९ फेब्रुवारीचा सण सेमिनरीत आम्हाला ठाऊक झाला होता. दातदुखीने हैराण झालेले युरोपातील भाविक शतकानुशतके तिचा धावा करीत आले. त्या काळी त्यांच्या हाती दुसरे काही नव्हते. आज आपल्या हाती पुष्कळ काही आहे, फक्त ते काल्हेरच्या चाळीपर्यंत पोहोचलेले नाही. पोहोचवायचे कसे, हाच खरा विषय आहे. उपदेश हा माझा नित्याचा व्यवसाय आहे, म्हणूनच मी हे निःसंकोचपणे लिहितो, की नुसत्या उपदेशाने दात वाचत नाहीत. त्यासाठी व्यवस्था लागते.

ही व्यवस्था उभी करण्याचा पाया आपल्याच राज्यात घातला गेला, याचा अभिमान वाटायला हवा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दंतसंशोधनाचा विभाग चालवला. १९७२ साली त्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. एक लाखाहून अधिक माणसांचे तोंड उघडून पाहायचे, त्यांच्या सवयी लिहून घ्यायच्या, हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना करावी. त्याच परंपरेतील पुढचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांची माहिती होती. धूरविरहित तंबाखू, म्हणजे मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचे प्रमाण वाढलेले आढळले. म्हणजे दाताला लावलेली पूड पोटातील बाळापर्यंत पोहोचते. मशेरी ही केवळ दातांची गोष्ट नाही.

याच संशोधकांच्या आणखी एका कामाचा उल्लेख करणे अवश्य आहे. देशाच्या तीन जिल्ह्यांतील सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना त्यांनी वर्षानुवर्षे भेटी दिल्या, तोंड तपासले, तोंडातील पांढरा चट्टा त्यांचा त्यांना दाखवला, समजावले. १९८६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा सततच्या भेटींमुळे तंबाखू सोडणाऱ्यांची व कमी करणाऱ्यांची संख्या वाढली आणि चट्टे नव्याने उमटण्याचे प्रमाण घटले. एका भाषणाने जे होत नाही, ते दरवर्षी दारात येणाऱ्या ओळखीच्या माणसाने होते. शब्दाला माणसाची आणि सातत्याची जोड मिळाली की उपदेशही व्यवस्थेचा भाग बनतो.

दुसरा आधार कायद्याचा. एके काळी आपल्या देशात तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजने राजरोस विकली जात. १९९२ साली केंद्र शासनाने दात घासण्याच्या सर्व पदार्थांत तंबाखू वापरण्यास बंदी केली. दातांसाठी म्हणून तंबाखू विकण्याचा मार्ग त्यामुळे कायद्याने बंद झाला. घरच्या तव्यावरची मशेरी मात्र कायद्याच्या आवाक्याबाहेर राहिली. गुटख्याची कथा अधिक नागमोडी आहे. महाराष्ट्र शासनाने १ ऑगस्ट २००२ पासून गुटखा व पानमसाला यांवर पाच वर्षांची बंदी घातली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या अधिकाराच्या मुद्द्यावर ती टिकू दिली नाही. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटीन मिसळण्यास मनाई केली आणि त्या आधारावर जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी आणली. तेव्हापासून ती वर्षावर्षाने वाढवली जात आहे. तरीही पुडी मिळते. भिवंडीच्या गोदामपट्ट्यात चोरट्या गुटख्याचे साठे पकडल्याच्या बातम्या आपण वेळोवेळी वाचतो. जेथून साऱ्या महानगराला माल जातो, तेथे हाही माल लपून येणार, यात नवल नाही. शिवाय सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी विकून, गिऱ्हाईकाने ती हातावर एकत्र करायची, अशी पळवाट निघाली ती निघालीच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरीत असल्याचे आढळले.

म्हणून कायदा निरुपयोगी, असे मात्र कोणी म्हणू नये. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे हा गुन्हा ठरवला. शंभर यार्ड म्हणजे सुमारे नव्वद मीटर. हे अंतर मोजायला पोलीस लागत नाहीत, एक दोरी आणि दोन शिक्षक पुरतात. शाळेच्या फाटकासमोरील टपरी सरकवण्याचा अर्ज ग्रामपंचायतीत देण्यासाठी पालकांच्या सह्या लागतात. सोळाव्या वर्षी पुडी सुरू करणारा मुलगा ती कोठून तरी विकत घेतो. ती जागा त्याच्या वाटेवरून हटवणे हे त्याला शंभर व्याख्याने देण्यापेक्षा सोपे आहे.

आता मुलांकडे वळू. गोदामांमागच्या चाळींत तीन-चार वर्षांच्या कितीतरी मुलांचे पुढचे दुधाचे दात काळे पडून खुंटासारखे झालेले दिसतात. आया म्हणतात, “दुधाचेच आहेत, पडायचेच आहेत.” पण किडलेल्या दुधाच्या दाताने मूल नीट चावत नाही, रात्री रडते, वजनाने मागे पडते, आणि दुधाची दाढ अकाली गेली तर तिच्या जागी येणारा पक्का दात वाकडा येतो. दात का किडतो, हे समजून घेणे कठीण नाही. दातांवर जिवाणूंचा चिकट थर साचत असतो. आपण साखर खाल्ली की हे जिवाणूही ती खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताच्या आवरणातील क्षार विरघळवते. त्यानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासात लाळ ते आम्ल निवळवते आणि झालेली झीज थोडीफार भरूनही काढते. म्हणजे दिवसभर मोडणे आणि जोडणे असे दोन्ही चाललेले असते. जेवणाबरोबर एकदा गोड खाल्ले तर लाळेला सवड मिळते. परंतु सकाळी चहात बुडवून बिस्कीट, शाळेत गोळी, दुपारी रुपयाचे चॉकलेट, संध्याकाळी रंगीत पेय आणि रात्री तोंडात दुधाची बाटली, असे चालले तर लाळेला सवडच राहत नाही. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली, याला महत्त्व आहे. नाताळात कुलकुल आणि नेवऱ्यांचे ताट दिवसभर उघडे ठेवण्याची आपली पद्धत आहे. ताट असू द्यावे. ते जेवणानंतर पुढे करावे, एवढेच.

साखर कमी करणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच दात मजबूत करणेही. येथे फ्लोराइडची गोष्ट येते आणि ती मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक मॅकके या दंतवैद्याला अनेकांचे दात तपकिरी डागांचे दिसले, पण ते दात किडत नव्हते. पुढे १९३१ साली कारण सापडले: पिण्याच्या पाण्यातील जास्तीचे फ्लोराइड. थोडे फ्लोराइड दाताला बळ देते, फार झाले तर डाग पाडते आणि त्याहून फार झाले तर हाडेही वाकवते. २५ जानेवारी १९४५ रोजी ग्रँड रॅपिड्स या शहराने आपल्या पाणीपुरवठ्यात मोजून फ्लोराइड मिसळण्यास आरंभ केला आणि पुढे तेथील मुलांच्या दातांची कीड लक्षणीयरीत्या घटली. मग आपणही तसे करावे काय? आपली परिस्थिती वेगळी आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत विंधणविहिरींच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड अधिक आहे आणि मुलांचे दात डागाळलेले दिसतात. भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात दीड मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. तेथे फ्लोराइड काढावे लागते, घालावे लागत नाही. एका गावाचे औषध दुसऱ्या गावाचे विष ठरू शकते, आणि म्हणून सार्वजनिक आरोग्यात आधी पाणी तपासावे आणि मग बोलावे.

आपल्यासाठी सुरक्षित मार्ग फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा. आपल्याकडे तिच्यातील फ्लोराइडची कमाल मर्यादा दहा लक्ष भागांत एक हजार भाग अशी ठरवलेली आहे. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रश भरून नव्हे. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा. रात्रीचे घासणे अधिक मोलाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण खळखळून चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातावर राहते. राखुंडी, विटेची पूड, मीठ यांनी दात पांढरे दिसतात खरे, पण ते आवरण खरवडून. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट आणि टूथब्रशवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अशी एखादी ओळ अर्थखात्याच्या कागदावर लिहिली जाते आणि तिचा लाभ चाळीतल्या मोरीपर्यंत पोहोचू शकतो. व्यवस्था म्हणतात ती हीच.

परंतु घराघरात हे होईल याची वाट पाहण्यापेक्षा शाळेत ते करून घेणे अधिक खात्रीचे. फिलिपिन्समध्ये सरकारी प्राथमिक शाळांत असा उपक्रम चालतो. मुले रांगेने उभी राहून रोज हात धुतात, रोज एकत्र दात घासतात आणि वर्षातून दोनदा जंताचे औषध घेतात. त्यासाठी दंतवैद्य लागत नाही; नळ, ब्रश आणि शिक्षिका पुरतात. आपल्या बालवाड्या आणि अंगणवाड्या यांत हे का होऊ नये? शासनाचा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातूनच सुरू झाला. शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमाच्या यादीत दंतविकारांचाही समावेश आहे. तपासणी पथक येते त्या दिवशी मूल हजर राहील आणि त्याला दिलेली चिठ्ठी केराच्या टोपलीत जाणार नाही, हे पाहणे आपले काम.

प्रौढांसाठीही अशीच सोय आहे. केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यातील तेरा पंचायतींत १९९६ पासून एक मोठी चाचणी झाली. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यसेवक घरोघरी जाऊन उजेडात तोंड पाहत आणि संशयित चट्टा दिसला की पुढे पाठवत. २००५ साली निष्कर्ष आले: तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले. एवढे मोठे काम एका बॅटरीने आणि नजरेने केले. आज आपल्या देशातही तीस वर्षांवरील व्यक्तींची तोंडाची तपासणी आरोग्य उपकेंद्रांच्या कामात समाविष्ट आहे. न बरी होणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गालाची जळजळ, कमी होत चाललेले तोंड, यांपैकी काहीही दोन आठवड्यांहून अधिक राहिले तर दाखवून घ्यावे. व्यसन सोडू पाहणाऱ्यास १८००-११-२३५६ या शासकीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

एवढे लिहून झाले तरी जालन्याच्या बाईंचा प्रश्न शिल्लकच आहे. दाढ ठणकली तर काय लावायचे? लवंगेच्या तेलाचा बोळा रात्र काढायला मदत करील, दाढ वाचवणार नाही. आपल्या देशात १९२० साली कोलकात्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी पहिले दंत महाविद्यालय काढले. आज त्यांची संख्या तीनशेहून अधिक आहे, तेव्हा दंतवैद्यांचा तुटवडा आहे असे म्हणता येणार नाही. ते शहरांत एकवटले आहेत, इतकेच. मुंबईचे नायर दंत रुग्णालय आणि शासकीय दंत महाविद्यालय यांत गरिबाला परवडणारे उपचार होतात, परंतु काल्हेरहून तेथे जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी गमावणे. म्हणून खुर्चीने माणसाकडे यावे, यासाठी खटपट करावी लागेल. यंत्र न वापरता, हाताच्या अवजाराने कीड काढून सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. तिला वीज लागत नाही. ती शाळेच्या बाकावरही करता येते. तिला लागणारे ग्लास आयनोमर सिमेंट आणि फ्लोराइडची पेस्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्या समाजात दंतवैद्य झालेल्या मुलामुलींची संख्या आता कमी नाही. महिन्यातून एक रविवार त्यांनी दिला, धर्मग्रामाने सभागृह आणि वाहन दिले, गोदाममालकाने कामगाराचा अर्धा दिवस कापला नाही, तर त्या बाईंच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळेल. मग मशेरी सोडा, असे सांगण्याचा अधिकारही आपल्याला प्राप्त होईल. काल्हेरच्या कुटुंबांशी या रविवाराबद्दल बोलणे सुरू आहे. ज्या वाचकांना आपले कौशल्य द्यावयाचे असेल त्यांनी आपल्या धर्मग्रामातूनच आरंभ करावा. काल्हेरसारखी वस्ती आता प्रत्येक शहराच्या कडेला आहे.

शेवटी पालकांसाठी एक माहिती. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या तोंडात दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी आधी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती केव्हा आली हे घरात कळत नाही आणि तीही दुधाचीच समजली जाते. ती मात्र पहिली पक्की दाढ असते. तिच्या जागी पुन्हा दुसरी येत नाही. चावण्याचा सर्वांत मोठा भार तीच उचलते आणि बहुधा सर्वांत आधी किडतेही तीच. हा लेख वाचून झाल्यावर आपल्या घरातील सहा-सात वर्षांच्या मुलाला उजेडात बसवावे, तोंड उघडायला सांगावे आणि शेवटची दाढ पाहावी. तिने पुढची साठ-सत्तर वर्षे भाकरी चावायची आहे.